रविवारची हाडं

“मावशी, ते टाकू नकोस.”

रविवारी दुपारी खरकटी ताटं उचलताना हे वाक्य ऐकायची मला आता सवय झाली आहे. भाची पुरातत्त्वात एम. ए. करायला पुण्यात आली, आमच्याकडे कोथरूडला राहिली, आणि तेव्हापासून आमच्या मटणाच्या बेताला एक शेपूट जोडलं गेलं. जेवणं उरकली की सगळ्यांच्या ताटांतली हाडं एका जुन्या जर्मनच्या पातेल्यात गोळा होतात. गॅलरीतल्या शेगडीवर कपडे धुवायच्या पावडरीच्या पाण्यात मंद उकळतात. मग जुन्या टूथब्रशने घासली जातात आणि वर्तमानपत्रावर सावलीत वाळत पडतात. उन्हात नाही, उन्हात तडकतात म्हणे. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून डोकावून विचारलं, “पाया शिजतोय वाटतं? पण मग वास साबणाचा कसा येतोय?” मी हसून वेळ मारून नेली. काय सांगणार?

ती डेक्कन कॉलेजला जाते. डेक्कन कॉलेज डेक्कनवर नाही, येरवड्याला आहे, हे पुण्यात हयात घालवलेल्या रिक्षावाल्यालाही कधीकधी सांगावं लागतं. १९३९ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथं प्राध्यापक म्हणून आले आणि पुढं त्या दगडी इमारतीच्या आवारातून महाराष्ट्रभर खणणाऱ्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या. तिथं नुसत्या प्राण्यांच्या हाडांवर काम करणारी एक प्रयोगशाळाही आहे. जमिनीतून निघालेला तुकडा ओळखायचा तर शेजारी ठेवून बघायला आजच्या जनावराचं हाड लागतं. कोणाचं, कुठलं, डावं की उजवं, हे सगळं माहीत असलेलं. आमच्या भाचीला असा स्वतःचा छोटा साठा करायचाय. म्हणून रविवार.

पहिल्या रविवारचा प्रसंग सांगते. तिनं घासून स्वच्छ केलेली नळी हातात घेतली आणि तिचं खालचं टोक, घोट्याकडचं, अलगद बोटांनी उचललं. टोपीसारखं निघून आलं. उरलेल्या हाडाचं तोंड खडबडीत, नदीकाठच्या भेगाळ चिखलासारखं. “हे अजून जुळलं नव्हतं,” ती म्हणाली. “वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, वाढ संपली की टोक जुळून एकसंध होतं. हे टोक साधारण दीड-दोन वर्षांत जुळतं. म्हणजे हा बोकड त्याच्या आतलाच होता.”

“कोवळा होता?” आमच्या ह्यांनी पान खात विचारलं. “मग एवढं वातड का लागलं?”

याचं उत्तर पुरातत्त्वाकडे नव्हतं. पण पुढच्याच महिन्यात ह्यांच्या गुडघ्यासाठी पाये आणले तेव्हा त्या हाडांचं खालचं टोक, जिथं खुराच्या दोन बोटांचे सांधे असतात, ते तिनं भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, “हा बोकड नाही, मेंढा आहे.” दुकानदाराकडे जाऊन भांडण्याइतका पुरावा आहे का, असं ह्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. सगळ्या हाडांत शेळी आणि मेंढी वेगळी काढता येत नाही. मोजकी काही हाडं, त्यावरचे मोजके उंचवटे. बाकीचा ढीग सरळ ‘शेळी-मेंढी’ या एकाच रकान्यात जातो. आता हाडांतल्या कोलॅजन या प्रथिनावरून फरक सांगता येतो, पण तो खर्चाचा मामला. मला गंमत वाटली ती वेगळीच. आपण बोलतानाही ‘शेळ्या-मेंढ्या’ एका दमातच म्हणतो.

हाडं मोजायची कशी, हा मला पडलेला पुढचा प्रश्न. एका खड्ड्यात दोनशे तुकडे निघाले म्हणजे दोनशे जनावरं नव्हेत. तिनं मला विचारलं, “गौरीच्या जेवणाला किती माणसं आली, हे तू दारातल्या चपलांवरून कसं सांगशील?” मी म्हटलं, निम्म्या करीन. ती म्हणाली, “आणि एखाद्याची एक चप्पल कुत्र्यानं पळवली असेल तर?” मग फक्त डाव्या चपला मोजायच्या. पाच डाव्या असतील तर निदान पाच माणसं आत आहेत, एवढं नक्की. हाडांचंही तसंच. डाव्या खांद्याच्या खालच्या हाडाची तीन टोकं मिळाली तर निदान तीन जनावरं. जास्त असतील, कमी नाहीत. एवढी सावध भाषा मी फक्त आमच्या सोसायटीच्या हिशेबतपासनिसाच्या तोंडी ऐकली आहे.

आणि चप्पल पळवणारा तो कुत्राही हिशेबात असतो. त्याचं स्वतःचं एकही हाड मिळालं नाही तरी तो सापडतो. बैलाच्या मांडीच्या हाडाच्या टोकांवर सुळ्यांचे खळगे आणि ओरखडे असले की समजायचं, जेवण झाल्यावर कोणीतरी हे अंगणात फेकलं आणि कोणीतरी ते पुढे पायांत धरून बसलं. मला हे फार आवडलं.

दातांची गोष्ट मात्र मला शिकवायची गरज नव्हती. ती मी आजोबांकडून शिकले होते.

आमचं आजोळ शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या अंगाला. आजोबा चाकणच्या बाजारात बैल बघायला जायचे आणि एकदा मलाही नेलं होतं. व्यापारी किंमत सांगायच्या आधी आजोबा बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढायचे. दुधाचेच दात म्हणजे आदत. दोन पक्के आले की दुसा. चार आले की चौसा. मग सहादाती, आणि सगळे आले की जुळला. जुळल्यावर झीज बघायची. भाचीला मी ही यादी म्हणून दाखवली तेव्हा तिनं वही काढली. तिच्या अभ्यासातही जबडे असेच लावतात. कोणता दात आलाय, कोणता यायचाय, दाढेच्या माथ्यावरचं लुकण, म्हणजे कठीण कवच, किती घासलंय. फरक एवढाच की आजोबांना या बैलाची पुढची वर्षं हवी होती आणि तिला मागची हवी असतात.

त्या मागच्या वर्षांतून एक सबंध गावाचं अर्थकारण वाचता येतं. सेबॅस्टियन पेन नावाच्या संशोधकानं १९७३ साली तुर्कस्तानातल्या एका जागेवर सापडलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या जबड्यांवरून ही पद्धत बसवली. कळपातले नर दीड-दोन वर्षांचे होईतो कापले गेले असतील तर पाळणाऱ्याला मांस हवं होतं. नर अगदीच पिल्लं असताना गेले आणि माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत ठेवल्या, तर दूध. नरसुद्धा पुष्कळ वर्षं जगवले असतील तर लोकर. आपल्याकडच्या कुठल्याही धनगराला विचारलं तर तो हे न शिकता सांगेल. पण तो धनगर तीन हजार वर्षांपूर्वी गेलेला असला की जबडेच विचारावे लागतात.

आता इनामगाव. आमच्या आजोळापासून ते काही फार लांब नाही. पुण्याहून साधारण नव्वद किलोमीटर. घोड नदीच्या काठी जुन्या वस्तीची पांढर होती. खेड्यात शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि माणसांच्या वस्तीनं, राखेनं, शेणानं, भिंतींच्या मातीनं झालेल्या जमिनीला पांढरी. उत्खननशास्त्र शोधलं जायच्या कितीतरी आधी आपल्या भाषेनं ते वर्गीकरण करून ठेवलं होतं. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं हंगामामागून हंगाम खणलं. इ.स.पू. १६०० च्या आसपासपासून इ.स.पू. ७०० पर्यंत तिथं माणसं राहत होती. मातीची घरं, धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवणारा कालवा. घराच्या जमिनीखाली लहान मुलं, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरलेले. मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून, असा एक अर्थ लावतात.

आणि गाईबैलांची हाडं. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्यांच्या, वस्त्यांमध्ये सर्वसाधारणपणे हाडांत मोठा वाटा गाईबैलांचाच असतो. तोडलेली, कापल्याच्या खुणा असलेली, काही भाजलेली, मगज काढायला फोडलेली. म्हणजे खाल्लेली. हे भाचीनं जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा क्षणभर कोणी बोललं नाही. आमच्यासारख्या घरात हे वाक्य सहज पडत नाही. मी आजोबांना डोळ्यांसमोर आणलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळणारे आजोबा. त्यांना हे सांगितलं असतं तर? बहुधा त्यांनी तंबाखू मळत विचारलं असतं, “मग औताला काय जुंपत होते?”

हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचंही उत्तर हाडांत असतं. वर्षानुवर्षं ओढकाम केलेल्या बैलाच्या पायांच्या हाडांना खुराजवळ रुंदी येते, कडेनं जादा हाड वाढतं, कमरेच्या सांध्यात हाडावर हाड घासून काचेसारखी चकाकी येते. लहानपणी खच्ची केलेल्याची हाडं उशिरा जुळतात, म्हणून लांब आणि सडसडीत होतात. वशिंडाच्या जनावराच्या पाठीच्या काही मणक्यांचे उभे काटे टोकाला दुभंगलेले असतात. वशिंड स्वतः मांसाचं, ते मातीत उरत नाही, पण खालचा मणका चुगली करतो.

याच इनामगावात एका घरात कच्च्या मातीची एक पेटी सापडली. तिच्यासोबत एक स्त्रीमूर्ती डोकं असलेली, एक बिनडोक्याची, आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की ती बैलावर बसते. मला त्या भोकाचं फार वाटलं. कोणीतरी ओल्या मातीत काडी खुपसून माप जुळवून पाहिलं असणार, बसते की नाही ते. बाहेर खरकट्यात बैलाची फोडलेली हाडं, आत देवीखाली बैल. हे दोन वेगळ्या घरांतले लोक असतील, अशी पळवाट मी काढून पाहिली. भाचीनं ती बंद केली. “मावशी, तुझ्या देवघरातला नंदी आणि ह्या पातेल्यातला मेंढा एकाच घरात आहेत की.”

मेंढा आणि बैल एक नव्हेत, हे मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

तसं पाहिलं तर पुरातत्त्वात प्राण्यांचा अभ्यास बराच काळ काय खाल्लं, किती खाल्लं, याभोवतीच फिरत राहिला. जुन्या उत्खननांत मोठी हाडंच उचलायचे, माती चाळणीतून काढायचे नाहीत, त्यामुळे मासे आणि पाखरं हरवलीच. आता चाळतात, मडक्याच्या भिंतीत मुरलेल्या चरबीवरून दूध की मांस ते पाहतात, दाताच्या थरांवरून जनावर कुठल्या भागात चरलं ते शोधतात. आपले धनगर दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन देशावरून कोकणाच्या अंगाला उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. त्या मेंढीच्या दातात वाटेवरच्या जमिनी थराथरानं उतरत असणार, या विचारानं मी सिंहगड रस्त्याच्या सिग्नलला एका कळपाकडे बघत राहिले आणि मागच्यानं हॉर्न वाजवला.

हाडंच लागतात असंही नाही. तेलंगणातल्या उतनूरला राखेच्या टेकाडात गाईगुरांच्या खुरांचे ठसे सापडले. ती राख कसली, यावर शंभर वर्षं वाद झाले आणि ती शेणाची निघाली. गोठ्यांतलं साचलेलं शेण, पुन्हापुन्हा पेटवलेलं. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी कर्नाटकात बुदिहाळला असंच टेकाड खणलं, तिथं जनावरं कापायची जागाही मिळाली. शेण जपून ठेवणारं आणि जनावर कापणारं गाव एकच.

आपल्याकडे यासाठी एक क्रियापद आहे, पाळणं. कुत्रा पाळतो, शेळ्या पाळतो. शब्द पाळतो, वेळ पाळतो (पुण्यात याबद्दल मतभेद आहेत). सुतक पाळतो. या सगळ्यांत स्वतःला कशाला तरी बांधून घेणं आहे. दावं जनावराच्या गळ्यात असतं, पण पहाटे चारला उठून वैरण टाकायला कोण जातं? आजोबा चाळीस वर्षांत एकदाही आळंदीला मुक्कामी राहिले नाहीत. “गुरं हायेत,” एवढंच सांगायचे.

जर्मनीत ओबरकासेलला १९१४ साली दगडखाणीत दोन माणसांबरोबर पुरलेलं एक कुत्र्याचं पिल्लू मिळालं, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून पुढं अभ्यासकांनी दाखवलं की त्याला लहानपणी डिस्टेंपरसारखा गंभीर आजार झाला होता आणि तरी ते काही आठवडे जगलं. आजारी पिल्लाचा शिकारीला उपयोग शून्य. कोणीतरी त्याला पाणी पाजलं असणार, पुसलं असणार. हिशेबात न बसणारं हाड सापडलं की हे लोक थांबून बघतात. आपल्या दायमाबादला, प्रवरेकाठी, १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना धातूचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ मिळाला. त्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. रथ ओढायला त्याची काही गरज नाही. नुसता उभा आहे.

भाची अशा गोष्टींनी भारावते. मी कमी भारावते, कारण मला सर्जा-राजा माहीत आहेत.

सर्जा आणि राजा ही आजोबांची खिल्लारी जोडी. बहात्तरच्या दुष्काळात वैरण संपली. छप्पराचा पाचोळा खाली काढून घातला, तोही संपला. मी सहा-सात वर्षांची होते, मला त्यातलं आठवतं ते एवढंच की गोठ्यात दोन खुंटे होते आणि एक दिवस एकाच खुंट्याला दावं होतं. कुणाला तरी आपल्या एकट्या बैलाला जोड हवी होती, त्यानं राजाला नेलं, असं आम्हा मुलांना सांगितलं गेलं. दुष्काळात बैलाला जोड कोण शोधतो, हे मला खूप मोठी झाल्यावर सुचलं. सर्जा राहिला. त्यानंतर आजोबांनी बैल वाढवले नाहीत, शेळ्या धरल्या. योगायोग बघा, इनामगावच्या शेवटच्या काळाबद्दल उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणंही असंच आहे. पाऊस कमी झाला, मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, गाईबैल कमी होऊन शेळ्या-मेंढ्यांवर भर आला. ढवळीकरांनी त्या झोपड्यांची तुलना त्या भागातल्या आजच्या पारध्यांच्या पालांशी केली आहे. बहात्तरमध्ये हे उत्खनन करणारे घोडच्या काठी ते तीन हजार वर्षांपूर्वीचं ओसाड होणं मोजत होते, आणि पलीकडच्या गावात आजोबा शेळी घ्यायला निघाले होते.

सर्जा पुढं सात-आठ वर्षं जगला. कामाचा राहिला नव्हता. व्यापारी येऊन जायचे, आजोबा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. गेला तेव्हा बांधावर चिंचेखाली खड्डा घेतला, मीठ घातलं, अंगावर झूल टाकली. दोन दिवसांनी पाहुणे आले म्हणून त्याच आजोबांनी एक बोकड कापला. हे मी मुद्दाम लिहितेय. लोक यातला एकच प्रसंग सांगतात.

मी भाचीला विचारलं, उद्या तो बांध कोणी खणला तर काय वाचेल? ती उत्साहानं सांगायला लागली. अख्खा सांगाडा, सांधे जागच्या जागी, कापल्याची खूण नाही, म्हणजे खाल्लेला नाही. दाढा पार झिजलेल्या, म्हणजे म्हातारा. खुराची हाडं रुंदावलेली, म्हणजे ओढकामाचा. “आणि ओढकाम थांबल्यावरही जगवलेला, हे कदाचित सांगता येईल,” ती म्हणाली. “फार छान केस होईल.” मग जरा थांबून, “राजा नाही सापडणार.”

नाही सापडणार. तो कुठंतरी, कोणाच्या तरी खरकट्यात, तुकड्यातुकड्यांनी, दुसऱ्या रकान्यात असेल.

परवा तिला त्या चिंचेची नेमकी जागा हवी होती, कशाला ते देव जाणे. मी मामाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मामा आता पंच्याहत्तरीच्या पुढं. चिंच गेली, म्हणाला, पाइपलाइन टाकताना पाडली, पण विहिरीपासून बांधानं सरळ वीस पावलं, तिथं. “पोतंभर मीठ घातलं होतं. पोतं बी त्यातच गेलं, त्यावरनं आई बोलली होती. का गं, काढताय का काय त्याला?”

“नाही हो, मामाआजोबा,” भाची हसली. “आणि राजाला कोणी नेलं होतं?”

फोनमधून थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. बहुतेक ओसरीत बसून बोलत असावा.

“पुण्यात हाय का पाऊस?” मामानं विचारलं.